बाचं लगीन

"त्याला सांग, भाकर झाली आहं," आय मला म्हणाली.

'तो' म्हणजे माझा बा. चुलीपासून हातभर अंतरावर बसून तो टोपली विणत होता.

"तिला सांग, मला भूक नाय," बा म्हणाला.

"त्याला सांग, मग कोंबड्यांना घालते."

"तिला सांग, कोंबड्यांनी तिचां काय वाकडां केलां आहं?"

मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी दोघांना गदागदा हलवावं असंही वाटत होतं. लग्न माझं तोंडावर आलं होतं आणि घरात भांडण चाललं होतं ते आयबाच्या लग्नावरून.

हे परक्या माणसाला जरा मागून सांगावं लागतं. आम्ही वारली. डहाणूकडच्या डोंगरातल्या आमच्या पाड्यावर तेव्हा अशी रीत होती की, दोघांची मनं जुळली की त्यांनी एकत्र राहायला लागायचं. लग्नाला खर्च येतो, तो जमेल तेव्हा ते लावायचं. कुणाचं दोन वर्षांनी लागे, कुणाचं पोरं झाल्यावर. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फक्त एक अट होती. पोराबाळांचं लग्न निघालं की त्याच मांडवात आधी आईबापाचं लागलं पाहिजे, मग पोरांचं. आमच्याकडे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी जाणती बाई. आमच्या पाड्याची धवलेरी गोमी म्हातारी मला स्वच्छ म्हणाली होती, "शेवंते, तुझ्या आयबाला पयले बसव. नायतर मी तोंड उघडायची नाय."

माझा बा चैत्या वरठा आणि आय जमनी तीस वर्षांहून जास्त काळ एकत्र राहत होते. मी त्यांची उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. दुसऱ्याच्या लग्नात बा आनंदाने नाचायचा, ताडी प्यायचा. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की मात्र कोयता उचलून रानात चालता व्हायचा. आता तर रानात पळायचीही सोय नव्हती, म्हणून तो टोपल्या विणत बसला होता. घरात इतक्या टोपल्या झाल्या होत्या की पाय ठेवायला जागा नव्हती.

"पोरीचां लावा," एवढंच तो म्हणे. "माझां कशाला मधी? तिच्या मामामामीला बसवा."

आय म्हणे, "मला तरी कुठां हौस आहं? या वयात हळद लावून मी काय करू?"

हे साफ खोटं होतं. लग्नघरात आमच्याकडे भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्या चौकात देवी येऊन बसते, तेव्हा लग्न लागतं. तो काढायचा सवाशिणींनी, म्हणजे ज्यांचं लग्न लागलेलं आहे आणि नवरा जिवंत आहे अशाच बायांनी. माझ्या आयच्या हातासारखा हात सबंध पाड्यात नव्हता. घराच्या भिंतीवर ती झाडं, मोर, नाचणारी माणसं काढायची, ती बघायला वरच्या पाड्यावरून बाया यायच्या. पण चौक काढायला तिला बसता येत नसे. ती दारात उभी राहून आतल्या बायांवर ओरडायची, "अगे, डावी रेघ बसली! देवीला पाठदुखी लावशील!" सगळ्या हसायच्या. तीही हसायची. घरी आल्यावर मात्र कुणाशी बोलायची नाही.

माझं लग्न ठरलं त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "तुझा चौक कोण काढील?" मी म्हटलं, "तूच." ती म्हणाली, "त्याला विचार." मी विचारलं. त्याने टोपली विणायला घेतली.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. वर्गभर पोरांना एका नजरेत गप्प बसवायचे, पण बापापुढे माझं काही चालेना. काशिनाथ, म्हणजे माझा होणारा नवरा, स्वभावाने गरीब. तो म्हणाला, "आपण रजिस्टर करू." मी त्याच्यावरच खेकसले. मला रजिस्टर नको होतं. मला माझ्या आयने काढलेला चौक हवा होता.

शेवटी लुगडी आणि बांगड्या घ्यायला आम्ही तिघं डहाणूला निघालो. एस.टी.त आय खिडकीशी, बा दुसऱ्या टोकाला आणि मी मध्ये. वाटेत एका गावाला मी दोघांना उतरवलं. तिथे शरयूताई राहायच्या. त्या माझ्या अध्यापक विद्यालयातल्या बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या जमीनदाराची गवताची जुनी वखार मिळवली होती आणि तिथे एक छोटं संग्रहालय मांडलं होतं. आमच्या लोकांवर लादलेली वेठ, म्हणजे फुकटची सक्तीची मजुरी, आणि ती कशी मोडली गेली याचं ते संग्रहालय. वस्तू त्यांनी पाड्यापाड्यांवर फिरून जमवल्या होत्या. भिंतीवरच्या पाट्या माझ्या अक्षरात होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या आयबाला दाखवून जरा मिरवावं असा माझा बेत होता.

"तिला विचार, आत काय आहं," बा वखारीच्या दारात थांबून म्हणाला.

"मलाच विचार ना, बा. ती काय सांगणार?"

"मग सांग."

"जुन्या वस्तू आहेत. जमीनदाराच्या वेळच्या."

"त्या बघायला तिकीट आहं?"

"नाही."

"फुकट दाखवतात? तवाच्या वस्तू फुकट?" बा हसला. "बदल झाला म्हणायचा."

आत दोनच खोल्या होत्या. शरयूताईंनी आम्हाला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं, आणि बाला पाहून त्या इतक्या खूश झाल्या की त्याला काय दाखवू आणि काय नको असं त्यांना झालं. एका भिंतीला माणसांच्या खांद्यावर द्यायचं जू होतं. बैल नसला की नांगराला माणसं जुंपत, त्यासाठीचं. बाने त्यावर हात फिरवला आणि शरयूताईंना म्हणाला, "बाय, याला तेल द्या. लाकूड चिरतां." गवत कापायचे विळे होते. गवताचे भारे तोलायचा एक थोरला काटा होता. त्यावर आय चढून बसली आणि मला म्हणाली, "त्याला सांग, मला तोलून बघ. तीस वर्षां राबून काय उरली आहं ती." बा म्हणाला, "तिला सांग, काटा मोडल." माझ्या मनात आलं, चला, गाडी रुळावर येतेय.

दुसऱ्या खोलीत एका कोपऱ्यात शरयूताईंनी पेंढ्याचे दोन पुतळे उभे केले होते. नवरा आणि नवरी. डोक्याला बाशिंग, अंगाला हळदीचा पिवळा रंग. दोघांच्या हातात विळे होते. मी ती पाटी दोन महिन्यांपूर्वी शरयूताईंनी सांगितली तशी लिहून दिली होती, पुतळे मात्र तेव्हा तयार नव्हते. मीही ते पहिल्यांदाच बघत होते.

आयला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "हे नवरानवरी अठं कशाला? काय लिहिलांस तू?"

मी मास्तरणीच्या आवाजात वाचलं, "लग्नगडी. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून उचल घेणाऱ्या माणसाला लग्नगडी म्हणत. उचल फेडण्यासाठी तो जमीनदाराकडे राबे. ती कधीच फिटत नसे. लग्न लागल्यामुळे त्याच्या बायकोवरही जमीनदार आपला हक्क सांगे आणि तिलाही राबायला नेई."

मी वळून पाहिलं तर बा खोलीत नव्हता.

तो बाहेर वखारीच्या ओट्यावर बसला होता. शरयूताई त्याच्याकडे जायला निघाल्या, तर आयने त्यांचा हात धरला. "राहू दे, बाय. माझा मी बघते." मग ती बाहेर गेली आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याशी सरळ बोलली.

"काय झालां रे तुला?"

मी दारातच थांबले.

"चैत्या, मी काय विचारते?"

"हळद तशीच होती," बा म्हणाला. "त्यांनी बरोबर केली आहं. हळद तशीच होती अंगावर."

"कोणाच्या?"

"बारक्याच्या."

नाव बारक्या असलं तरी तो बाचा मोठा भाऊ. तो लवकर गेला एवढंच आम्हाला ठाऊक होतं. बा त्याचं नाव कधी काढत नसे.

"मी लहान होतो तवा," बा सांगू लागला. "बारक्याचां लगीन लागलां. मी नाचलो. सगळ्यांत जास्त मीच नाचलो, पाय सुजले माझे. मला वाटलां, किती चांगली गोष्ट आहं लगीन. आणि चौथ्या दिशी मुकादम आला. जमीनदाराचा. म्हणाला, चला दोघं. वहिनी भाकर थापीत होती, तिचे हात पिठाचे. तशीच उठवली. हळद उतरली नव्हती दोघांची. मी बारक्याच्या मागं पळालो तर त्यानं मला दगड मारला. मी मागं फिरावां म्हणून. पुढल्या वर्षी वहिनी तठंच मेली. गवतात बाळंत झाली ती. बारक्या आला परत, पण तो काय बारक्या नव्हता. तो पण गेला मग."

आय त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. नुसती बसली.

"लालबावटा आला, सभा झाली, वेठ मोडली," बा म्हणाला. "मी पण होतो सभेला, काठी घेऊन. पण भीती काय सभेला गेली नाय. ती घरीच राहिली."

"म्हणून मांडव नको?"

"म्हणून नको. मांडवच नाय तर लगीन नाय. लगीन नाय तर बायको नाय. बायको नाय तर नेतील कोणाला?"

आय एकदम उठून उभी राहिली. मला वाटलं आता ती रडणार. पण तिचा चेहरा भांडणाआधी व्हायचा तसाच झाला होता.

"थांब," ती म्हणाली. "मी तुझ्याकडं राहायला आले, तवाचां आठवतां तुला? पयल्याच वर्षी. गवत कापायच्या दिसांत एक माणूस आला होता. डोक्याला लाल फेटा."

बाने मान खाली घातली.

"मी आत होते," आय म्हणाली. "कुडाच्या मागं. तो म्हणाला, तुझ्या भावाची उचल आहं अजून, बायको केलीस ना, चला दोघं. आणि तू काय म्हणालास? मी ऐकलां. माझ्या कानांनी ऐकलां."

"वेठ मोडली होती, पण मुकादम होताच की," बा पुटपुटला.

"काय म्हणालास ते सांग. पोरीसमोर सांग."

"ती माझी बायको नाय," बा म्हणाला. "असां म्हणालो. ती कुठली कोण. आज आहं, उद्या निघून जाईल."

"आणि गेलास त्याच्यासंगां एकटाच. सबंध गवत संपेपर्यंत."

"तुला नेली नाय ना पण त्यानं?"

आय त्याच्याकडे बघत राहिली. मीही. 'ती माझी बायको नाय' या एका वाक्यासाठी ती तीस वर्षं त्याच्यावर रागावलेली होती, आणि तो तीस वर्षं हेच समजत होता की आपण तसं का म्हणालो ते तिला कळलेलं आहे. या दोन वेड्या माणसांवर माझा किती जीव आहे हे मला त्या ओट्याच्या कडेला उभं राहून जसं कळलं तसं आधी कधी कळलं नव्हतं.

"मला सांगायचां नाय तेव्हा?" आय ओरडली. "मुकादम गेल्यावर सांगायचां नाय?"

"मला वाटलां, तुला ठावां आहं. तू राहिलीस ना. गेली नाय."

"मी का राहिले माहीत आहं? उद्या जाईल म्हणालास ना, म्हणून राहिले! तुला खोटा पाडायला राहिले! रोज सकाळी उठून म्हणायचे, आज पण नाय जाणार मी. बघू काय करतो."

"रोज?"

"बरीच वर्षां."

बाला हसू फुटलं. आधी त्याचे खांदे हलले, मग तो मोठ्याने हसू लागला, आणि हसता हसता रडायला लागला. आय त्याला म्हणाली, "हसतोस काय, मेल्या," आणि तीही पदराने डोळे पुसू लागली. शरयूताई आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या कपबशा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. नंतर त्यांनी मला विचारलं, "ते पुतळे काढून टाकू का गं?" बानेच ते ऐकून सांगितलं, "नको, बाय. राहू देत. फक्त नवऱ्याचा दगड राहिला आहं. तो हातात द्या त्याच्या."

डहाणूच्या बाजारात त्या दिवशी आम्ही दोन पिवळी लुगडी घेतली. एक माझ्यासाठी, एक आयसाठी. आयने दुकानदाराला कपाटाचा सगळा कप्पा खाली काढायला लावला. बा बाहेर पायरीवर बसून होता. मध्येच आत डोकावून तो म्हणाला, "नवरीला घाई करू नका." दुकानदार माझ्याकडे बघून हसला. त्याला काय माहीत नवरी कोण ते.

आयने चौक काढला. गोमी म्हातारीने आधी दुसऱ्या सवाशिणींनी काढलेल्या एका लहान चौकापुढे तिचं आणि बाचं लावलं, म्हणून माझ्या लग्नाचा चौक तिला काढता आला. हळद लागलेल्या हाताने ती भिंतीसमोर बसली आणि उठेचना. बाकीच्या सवाशिणी मागे बसून गाणी म्हणत होत्या. कुणी एक रेघ ओढायला गेली तर आय तिच्या हातावर चापट मारायची. गोमी म्हणाली, "जमने, देवीला बसायला जागा ठेव, का सगळां तूच भरतेस?" त्या चौकाचं मी काय वर्णन करू? देवीच्या पाठीची रेघ अगदी सरळ होती, एवढंच सांगते.

त्यांचं लागलं तेव्हा मांडवात बा थरथरत होता. त्याने नेसलेलं धोतर हलताना मला दिसत होतं. पाड्यातले लोक त्याची थट्टा करत होते, "चैत्या, आता पळू नको हां!" लग्न लागलं तरी तो नाचला नाही.

चौथ्या दिवशी मी आणि काशिनाथ माहेरी आलो. आय दारातच भेटली. तिने बोट ओठांवर ठेवलं आणि वाटेकडे दाखवलं. पाड्यावर यायच्या वाटेच्या तोंडाशी, करंजाच्या झाडाखाली बा बसला होता. मांडीवर कोयता. अंगावरची हळद अजून पुरती गेली नव्हती.

"उजाडल्यापासून बसला आहं," आय हळूच म्हणाली. "जेवला नाय. काय बोलत पण नाय."

"तू सांग ना त्याला, आत ये म्हणून."

"नाय. बसू दे. त्याला बसलांच पायजे आज."

काशिनाथ त्याच्याजवळ जाऊन बसला. मी बसले. बा आमच्याशी दोन शब्द बोलला, पण नजर वाटेवर. गुरं गेली, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि परत बसला. दुपारी एक पँटवाला माणूस वर चढून येताना दिसला. खांद्याला पिशवी होती. बा ताडकन उठला. कोयत्याच्या मुठीवर त्याची बोटं आवळलेली मला दिसली, तशी मीही उठून उभी राहिले.

"कोणाला न्यायचां आहं?" बाने लांबूनच विचारलं.

तो माणूस थबकला. हिवतापाच्या गोळ्या वाटणारा सरकारी कर्मचारी होता तो. "न्यायचं नाही कुणाला, बाबा," तो म्हणाला. "घरात कुणाला ताप आहे का?"

"नाय."

"मग झालं." त्याने आमच्या दारावर खडूने तारीख लिहिली आणि तो पुढच्या घराकडे गेला.

बा पुन्हा करंजाखाली बसला. ऊन उतरलं. वाटेवरून मोळ्या घेऊन बाया परत आल्या, शाळेतली पोरं आली, आणि मग कुणीच आलं नाही. दिवस डोंगरामागे गेला तशी आय भाकरी फडक्यात बांधून घेऊन गेली आणि त्याच्या शेजारी बसली. आम्ही दोघं थोडे मागे होतो.

"आला का कोणी?" तिने विचारलं.

"नाय आला."

"आता येणार पण नाय."

बाने कोयता मांडीवरून काढून खाली ठेवला. भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तोंडात घातला नाही. रिकाम्या वाटेकडे बघून तो चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "ही माझी बायको आहं."

"अरे, कोणाला सांगतोस?" आय म्हणाली.

"कोणाला नाय," बा म्हणाला. "म्हणून बघितलां."